क्रीडावीर बाळू पालवणकर

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे मला सांगण्यात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा भाषेची सजावट माझ्याकडून व्हायची नाही. पण जे वाचले आणि मनाला लागले ते सरळ शब्दांत सांगते. थोर व्यक्ती म्हटली की आपल्याला संत, राजे आणि देशभक्त आठवतात. मी मात्र एका खेळाडूची निवड केली आहे, आणि तीही बायकांच्या स्मरणिकेसाठी. असे का, ते लेख पुरा वाचल्यावर आपल्या ध्यानात येईल.

आपल्या आंबेगाव-जुन्नर भागातल्या माणसाला खेळाचे वेड किती, हे आपल्याला कोणी सांगायला नको. चैत्र-वैशाखात यात्रा सुरू झाल्या की बैलगाड्याच्या घाटाकडे माणसांची रीघ लागते. घरात एक वेळ लेकरांच्या दुधाला कमी पडेल, पण शर्यतीच्या बैलाच्या खुराकाला कमी पडणार नाही, अशी घरे आपण पाहिलेली आहेत. २०१४ साली न्यायालयाच्या निकालाने या शर्यती बंद झाल्या, तेव्हा कित्येकांच्या तोंडचे पाणी पळाले. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, तेव्हा त्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. यात्रेचा दुसरा मान कुस्त्यांचा. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्तीपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत माणसे उन्हात जागची हलत नाहीत. आणि क्रिकेटचे तर काही विचारूच नका. उन्हाळ्यात धरणाचे पाणी मागे सरले की जरा सपाट जागा दिसायचा अवकाश, पोरे तीन काटक्या रोवून मोकळी! जेवायला हाक मारून मारून आईचा घसा बसतो.

आपण बायका या वेडाला नावे ठेवतो. पण त्यात एक गुणही आहे. खेळ रंगात आला की शेजारी उभा असलेला माणूस कोणाचा, कुठल्या आळीचा, हे कोणी विचारीत नाही. मग हा गुण खेळ संपल्यावर जातो कुठे? या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या आयुष्यात सापडते, ते आपल्या पुण्यातच वाढलेले बाळू पालवणकर होत.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराणे चर्मकार समाजातले. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानीत. देवळाची पायरी, विहिरीचा काठ आणि शाळेची ओटी या सगळ्याच जागा त्यांना वर्ज्य. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने मुले पुण्यात वाढली. भाऊ चौघे, बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. चौघेही पुढे नामांकित खेळाडू झाले. लष्करातल्या गोऱ्या साहेबांनी टाकून दिलेले चेंडू आणि बॅटी हीच त्यांची खेळणी. जुन्या मराठीत क्रिकेटला चेंडूफळी म्हणत. साहेबाचा हा खेळ पोरांनी बघून बघून उचलला. शिकवायला कोणी गुरू नव्हता.

घरची गरिबी. हाताशी आलेल्या मुलाने चार पैसे मिळवावेत हे ओघानेच आले. बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रूळ फिरवायचा आणि सवड असेल तेव्हा सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले. तिथे चार रुपये मिळू लागले. काम तेच, फक्त वाढलेले. जाळी बांधायची, टेनिसच्या रेघा मारायच्या, मैदान राखायचे.

आपल्यापैकी ज्यांनी शेतावर खळे केले आहे त्यांना हे काम चटकन कळेल. खळ्याची जमीन आधी खणायची, पाणी मारायचे, चोपायची, मग शेणाने सारवायची. पाणी किती मारले आणि ऊन किती लागले यावर खळे टणक होणार की भेगाळणार हे ठरते. खेळपट्टीचेही तसेच आहे. माती ओलसर असली तर चेंडू टप्पा घेऊन वळतो, टणक असली तर सरळ येतो. जो माणूस रोज त्या मातीवर रूळ फिरवतो, त्याला तिचा स्वभाव न कळून कसे चालेल? मला वाटते, झाडू आणि रूळ हेच बाळूंचे पहिले गुरू होत.

पूना क्लबातल्या एका साहेबाने या पोराला चेंडू टाकायला उत्तेजन दिले. बाळू डावखुरे होते. चेंडू बोटांत धरून तो भोवऱ्यासारखा फिरवून सोडायचा आणि जमिनीवर टप्पा पडला की फलंदाजाच्या अपेक्षेपेक्षा वेगळ्याच बाजूला वळवायचा, ही त्यांची कला. क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचे मोठे फलंदाज होते. ते इतरांच्या आधी तासभर मैदानावर येत आणि बाळूंना आपल्याला चेंडू टाकायला लावीत. बाळूंनी त्यांना बाद केले की दर वेळी आठ आणे बक्षीस, असे सांगतात. महिन्याला चार रुपये मिळवणाऱ्याला आठ आणे म्हणजे काय, हे घर चालवणाऱ्या बाईला समजावून सांगायला नको. आठ वेळा साहेबाला बाद केले की दुसरा एक पगार! ग्रेगसाहेबांची फलंदाजी आणि बाळूंची गोलंदाजी दोन्ही त्या जाळीत घडत गेल्या. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इतके दिवस चेंडू टाकूनही बाळूंच्या हातात बॅट कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे चाकराचे काम आणि बॅट मारणे हा मालकाचा मान, अशीच ती वाटणी होती.

त्याच सुमारास पुण्यातल्या हिंदू खेळाडूंचा संघ साहेबांच्या संघाशी सामने खेळू लागला होता. संघात बहुतेक उच्चवर्णीय मंडळी. साहेबाला साहेबाच्याच खेळात हरवावे ही त्यांची फार इच्छा. आणि साहेबाला हैराण करणारा गोलंदाज गावातच होता, पण तो अस्पृश्य. त्याला संघात घ्यावे की नाही यावर बरीच वादावादी झाली. काहींनी हरकत घेतली, काहींनी बाजू लावून धरली. ग्रेगसाहेबांनीही बाळूंना बाहेर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल अशा अर्थाचे मत दिले. शेवटी जिंकण्याची हौस सोवळ्याहून मोठी ठरली आणि बाळूंना संघात घेण्यात आले.

मैदानावर सगळे ठीक चालले. ज्या चेंडूला बाळूंचा हात लागे, तोच चेंडू इतर दहा जण झेलीत आणि परत टाकीत. चेंडूला विटाळ नव्हता. पण चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंचा चहा बाहेर येई, मातीच्या भांड्यातून. प्यायचे आणि फेकून द्यायचे. हातपाय-तोंड धुवायचे झाले तर मैदानाच्या कोपऱ्यात जायचे, तिथे अस्पृश्य गडी पाणी आणून ओतणार. जेवणाचे ताट वेगळे आणि बसण्याची जागाही वेगळी. आणि हे कोणासाठी? ज्याच्या जोरावर सामना जिंकायचा, त्याच्यासाठी.

संघाची कीर्ती वाढू लागली. साताऱ्याच्या गोऱ्या क्लबाशी सामना ठरला, तेव्हा तिथल्या साहेबांनी बाळूंचा धसका घेऊन आठवडेच्या आठवडे खेळपट्टीवर रूळ फिरवून ती टणक केली, म्हणजे यांचा चेंडू वळू नये. परंतु ज्याने जन्म रूळ ओढण्यात घालवला, त्याला रुळाची भीती ती काय? बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुण्याचा संघ जिंकला. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या मोठ्या माणसाने बाळूंचा जाहीर सत्कार केला आणि बरोबर खेळायला चालतो तर बरोबर चहा प्यायला का चालू नये, अशा अर्थाचे बोल खेळाडूंना सुनावले. लोकमान्य टिळकांनीही त्यांचा गौरव केला. या दोन मोठ्या पुरुषांचे इतर बाबतीत किती मतभेद होते हे आपण शाळेत वाचले आहे, पण बाळूंच्या कौतुकात दोघेही होते.

१८९६ साली प्लेगची साथ आली. त्या धामधुमीच्या काळात बाळू मुंबईस गेले. पुढे त्यांना रेल्वेत नोकरी लागली. मुंबईच्या हिंदू जिमखान्यातही त्यांना घेण्यावरून पुन्हा तीच कुरकुर झाली, पण तिथेही खेळाने वाट करून दिली. त्या काळी मुंबईत क्रिकेटचे संघ जातीधर्मावर असत. साहेबांचा एक, पारशांचा एक, हिंदूंचा एक. १९१२ साली मुसलमानांचा संघ त्यांत आला आणि चौरंगी सामने सुरू झाले. हे सामने पाहायला हजारोंनी लोक जमत. मैदानाभोवती तंबू लागत, झाडांवरसुद्धा माणसे चढत. आपल्या यात्रेत घाटाभोवती जी गर्दी होते, तिचीच ही शहरी बहीण म्हणायची.

१९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू संघाने मुंबईत युरोपियन संघाशी सामना खेळला. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा झाल्या, साहेबांच्या १९१ आणि १०२. म्हणजे १०९ धावांनी हिंदूंचा विजय. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता आणि धाकटे बंधू शिवरामही संघात होते. ते वंगभंगाचे, स्वदेशीचे दिवस. त्यामुळे या विजयाला निव्वळ खेळाच्या पलीकडचा अर्थ आला. वर्तमानपत्रांतून एका गोष्टीची विशेष वाखाणणी झाली. ती ही की, आता हिंदू खेळाडू या बंधूंसह एकत्र खाऊ-पिऊ लागले होते. पुण्यातले मातीचे भांडे मुंबईत सुटले. ते सुटायला दहा-बारा वर्षे आणि शेकडो गडी बाद व्हावे लागले!

१९११ साली हिंदू, पारशी आणि मुसलमान अशा सर्व समाजांतल्या निवडक खेळाडूंचा पहिला हिंदी संघ विलायतेला गेला. कप्तान होते पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. एका बाजूला राजा आणि दुसऱ्या बाजूला मैदान झाडून पोट भरलेला माणूस, एकाच संघात! संघाचे एकंदर २३ सामने झाले. जिंकले सहाच, हरले १५ आणि दोन अनिर्णित राहिले. परंतु अशा हरणाऱ्या संघातही बाळूंनी त्या उन्हाळ्यात ११४ गडी बाद केले. लेस्टरच्या सामन्यात एकट्याने ११ गडी टिपून संघाला जिंकून दिले. सॉमरसेटच्या सामन्यात शिवरामने शतक काढले आणि संघ एका गड्याने जिंकला. बाळूंचे वय तेव्हा पस्तिशीचे. खांदा दुखावलेला, हवा परकी, पण विलायतेतल्या जाणत्यांनी त्यांना वाखाणले.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा मोठा सत्कार केला. त्या समारंभात मानपत्राच्या कामात पुढे असलेला एक विशीतला विद्यार्थी होता. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. पुढे साऱ्या देशाने ज्यांना ओळखले, त्या बाबासाहेबांना तरुणपणी बाळूंचा अभिमान वाटे. बाळूंच्या नावावर मोठ्या दर्जाचे ३३ सामने आणि १७९ बळी आहेत.

एवढे सगळे झाले तरी हिंदू संघाचे कप्तानपद मात्र बाळूंना मिळाले नाही. वर्षामागून वर्षे दुसऱ्यांची नेमणूक होई. १९१३ साली म. द. पै यांना कप्तान केले, तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितले की हा मान खरे तर बाळूंचा होता. चहाचा कप मिळाला, पंगत मिळाली, पण हुकूम देण्याची जागा मिळाली नाही. १९२० साली तर पै आजारी असताना बाळूंना संघातूनच वगळले आणि कप्तानपद प्रोफेसर दि. ब. देवधर यांना देण्यात आले. देवधर मोठेच खेळाडू होते, त्यांच्या गुणांबद्दल वाद नाही. परंतु विठ्ठल आणि शिवराम हे बंधू तेव्हा फार वरच्या दर्जाचे फलंदाज होते. डावलण्याचे कारण जातीखेरीज दुसरे दिसत नाही, हे त्यांनी ओळखले. दोघांनी जाहीर पत्रक काढून संघातून अंग काढून घेतले. भगिनींनो, ज्यांचा जीवच खेळात गुंतलेला, त्यांनी ऐन सामन्यांच्या वेळी खेळ नाकारायचा, याला किती धैर्य लागले असेल! खेळावर खरी भक्ती असणारा माणूस खेळासाठी वाटेल ते सोसतो असे आपण म्हणतो. या बंधूंनी दाखवून दिले की सोसण्यालाही मर्यादा असते आणि ती ओळखणे हाही भक्तीचाच भाग आहे.

त्यांच्या या करारीपणाचा परिणाम झाला. लोकांत चर्चा झाली, टीका झाली. पुढच्या सामन्यासाठी बरे झालेले पै कप्तान म्हणून परत आले, बाळूंना उपकप्तान करण्यात आले आणि दोघे भाऊही संघात परतले. त्या सामन्यात पै मुद्दाम काही वेळ मैदानाबाहेर जाऊन बसले, म्हणजे तेवढा वेळ तरी बाळूंच्या हाती संघाची सूत्रे राहावीत. ही गोष्ट वाचताना मला गहिवरून आले. अन्याय करणारे पुष्कळ असतात. अन्याय दिसल्यावर आपली जागा सोडून उभा राहणारा एखादाच. पुढे १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले. त्या वर्षी त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवले, तेव्हा लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले. थोरल्या भावाला जे मिळाले नाही ते धाकट्याने मिळवले. विठ्ठल यांनी पुढे १९४८ साली आपले आत्मचरित्रही प्रसिद्ध केले.

बाळूंच्या उत्तर आयुष्यात राजकारण आले. १९३२ साली पुणे कराराच्या वेळी स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर त्यांचे आणि डॉ. आंबेडकरांचे मत जुळले नाही. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने बाळूंना बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. बाळू हरले. ज्या तरुणाने एके काळी त्यांच्या सत्कारात भाग घेतला, त्याच्याशीच ही गाठ पडावी, हा दैवाचा खेळ म्हणायचा. दोघांचेही ध्येय आपल्या माणसांना वर काढण्याचे. वाटा निराळ्या. पुढे देश स्वतंत्र झालेला पाहून ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

आता हे चरित्र बायकांच्या स्मरणिकेत का, ते सांगते. बाळूंना मैदानावर आणण्याचे काम पुरुषांनी वाद घालून केले. मैदान, चेंडू, संघ या सगळ्या पुरुषांच्या गोष्टी. परंतु चहाचा कप ही कोणाच्या हातातली गोष्ट आहे? कप विसळतो आपण, फडताळात लावतो आपण, आणि कोणता कप कोणापुढे ठेवायचा हे ठरवतोही आपणच. अजूनही काही घरांत कामाला येणाऱ्या गड्यासाठी किंवा बाईसाठी एक कप ओट्याच्या कडेला वेगळा पालथा घातलेला असतो. घरधन्याला तो दिसतसुद्धा नाही. तो तिथे ठेवलेला असतो घरच्या बाईने. यात्रेत ज्या गड्याने आपला बैल घाटात पळवला आणि आपल्या नावाचा गुलाल उडवला, त्यालाच दुसऱ्या दिवशी दाराबाहेर चहा देणारे हातही आपलेच असतात. आपली मुले संध्याकाळी ज्यांच्याबरोबर एका चेंडूने खेळतात, ती मुले पाणी मागायला दाराशी आली की माठातले पाणी कशात ओतावे असा विचार आपल्या मनात क्षणभर तरी येतो, हे आपण एकमेकींपासून लपवून काय उपयोग?

खेळाचे वेड पुरुषांना आणि मुलांना लागते, ते बरेच आहे. त्या वेडात माणूस माणसाला तासभर तरी ओळखतो. तो तास संपल्यावरही ही ओळख टिकावी यासाठी घरात कोणीतरी काही केले पाहिजे, आणि घर आपल्याकडे आहे. आपल्या मंडळाने येत्या वर्षात पुष्कळ कामे योजली आहेत. त्यांत हे एक बिनखर्चाचे काम मी सुचवते. प्रत्येकीने घरी गेल्यावर आपले फडताळ पाहावे आणि वेगळा ठेवलेला कप असेल तर तो इतर कपांत मिसळून टाकावा. पुढच्या हळदीकुंकवाला कोणाकोणाला बोलावणे गेले आणि कोणाला राहिले, याचीही यादी आपण सगळ्यांनी मिळून एकदा तपासावी. आणि उन्हाळ्यात मुले खेळून घामाघूम होऊन आली की जेवढी असतील तेवढ्या सगळ्यांना आत बसवून, एकाच तांब्याभांड्याने पाणी द्यावे.